प्रस्तावना : एका नावाच्या दोन नोंदी

कुलकर्णी हे आडनाव जसे पुण्याचे, तसेच धारवाड-बेंगळुरूचेही. समजा, एका कंपनीची या दोन शहरांत कार्यालये आहेत. दोन्हीकडे डिरेक्टरी सर्व्हर, दोन्हीवर नोंद करायची मुभा, आणि रेप्लिकेशनने इकडचे बदल तिकडे जातात. एके सकाळी मधली लाइन तासभर बंद पडते. त्याच तासात पुण्यात रुजू झालेल्या एकाला ‘एसकुलकर्णी’ हे लॉगिन मिळते आणि बेंगळुरूत रुजू झालेल्या एका बाईंनाही तेच. नाव आधी कोणी घेतले आहे का, हे प्रत्येक सर्व्हर आपल्यापुरतेच तपासतो. दोघांनीही ते चोख तपासलेले असते.

लाइन सुरू झाल्यावर ‘३८९ डिरेक्टरी सर्व्हर’ हे सॉफ्टवेअर काय करते, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रत्येक बदलाला वीस षोडशमान अंकांचा एक क्रमांक असतो. पहिले आठ अंक वेळेचे, पुढचे चार अनुक्रमाचे, मग सर्व्हरची ओळख. पुण्याची नोंद आधीची ठरली, तर नाव तिच्याकडे राहते. बेंगळुरूची नोंद पुसली जात नाही. तिच्या नावाला तिची स्वतंत्र ओळखसंख्या जोडली जाते आणि संघर्षाची खूण लागते. नव्या आवृत्त्यांत ती नेहमीच्या शोधात दिसतही नाही. त्यामुळे सकाळी लॉगिन झालेल्या बाईंचा पासवर्ड दुपारी चालत नाही, आणि हेल्पडेस्कला तर ‘एसकुलकर्णी’ व्यवस्थित दिसत असतो.

तरीही ही रचना मला फार समंजस वाटते. सर्व्हर आपसांत एकमत करू शकतात. खरे काय, ते त्यांना कळत नाही. त्यासाठी एचआरला फोन करावाच लागतो, आणि तोवर दोन्ही नोंदी जिवंत राहतात. एकच मूल्य घेणाऱ्या रकान्यात मात्र ही सवलत नाही. दोन ठिकाणी तो वेगवेगळा बदलला, तर नंतरचे मूल्य टिकते, आधीचे कोणाला न कळता जाते. नवख्या अ‍ॅडमिनने अधिक जपावे ते इथे.

वेळेचा शिक्का पाहून बदलांचा निवाडा करण्याची कल्पना जॉन्सन आणि थॉमस यांनी १९७५मध्येच मांडली होती. घड्याळांवर किती विसंबावे, याचा पाया लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८मध्ये घातला. १९९३मध्ये मिशिगन विद्यापीठातून एलडॅप हा डिरेक्टरीशी संवाद साधण्याचा प्रोटोकॉल आला. त्याच वर्षी आलेल्या नॉव्हेलच्या डिरेक्टरीचे पुढचे रूप म्हणजे ईडिरेक्टरी. तिच्यावर बेंगळुरूतल्या अभियंत्यांनीही काम केले आहे. या शहराला नोंदींचा प्रश्न उलट्या बाजूनेही माहीत आहे. नंदुरबारच्या टेंभलीत २०१०मध्ये पहिले आधार दिले गेले; त्या योजनेचे एक डेटा सेंटर बेंगळुरूत आहे. तिथे शोध असतो एकाच माणसाच्या दोन नोंदींचा, इथे दोन माणसांच्या एका नावाचा.

या विषयात यायला मोठी यंत्रणा लागत नाही. एकाच लॅपटॉपवर दोन सर्व्हर उभे करा, रेप्लिकेशन थांबवा, दोन्हीकडे एकाच नावाची नोंद घाला आणि रेप्लिकेशन सुरू करा. मग ते पुन्हा थांबवून एकीकडे रिकामा विभाग पुसा, दुसरीकडे त्याच विभागात कर्मचारी घाला. जोडणी होताच पुसलेला विभाग परत उभा राहिलेला दिसेल, कारण त्या कर्मचाऱ्याच्या नोंदीला वर कोणीतरी हवे असते. पहिले प्रकरण तिथूनच सुरू होते.