पांबनचा लाल इशारा

२३ डिसेंबर २०२२ रोजी तमिळनाडूतील पांबन पुलावरून रामेश्वरला जाणारी रेल्वे थांबली. पूल कोसळला नव्हता, कोणाला इजा झाली नव्हती. आयआयटी मद्रासच्या तज्ज्ञांनी पुलावर बसवलेल्या संवेदकांनी उचलत्या गाळ्याविषयी लाल इशारा दिला आणि रेल्वेने तो मानला. टळलेल्या अपघाताची बातमी मोठी होत नाही, म्हणून ही हकीकत सविस्तर सांगावीशी वाटते.

फेब्रुवारी १९१४ मध्ये खुला झालेला हा पूल दोन किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा. १४५ स्थिर गाळे आणि जहाजांना वाट देण्यासाठी दोन पंखांप्रमाणे उघडणारा एक शेर्झर गाळा. ते पंख कामगार हातांनी तरफा ढकलून उचलत. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीच्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केले, तिकडे निघालेली प्रवासी गाडी गिळली आणि पुलाचे १२६ गाळे वाहून नेले. उचलता गाळा तेवढा तगला. ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा राहिला.

पुढे पुलावर वायुवेगमापक आला. वारा ताशी ५८ किलोमीटरच्या पुढे गेला की सिग्नल आपोआप लाल होई. व्यवस्था उत्तम, पण ती वाऱ्याची खबर देई, पुलाच्या प्रकृतीची नव्हे. इकडे खारी हवा पोलाद पोखरत होती. २००७ मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर भारही वाढला. डिसेंबर २०१८ मध्ये उचलत्या गाळ्यात तडा आढळला. ताण आणि कंपने मोजणाऱ्या संवेदकांचे मोल अशा वेळी कळते: डोळ्यांना तडा दिसतो तो पडल्यावर, आकड्यांतील बदल त्याआधी दिसू शकतो.

या इशाऱ्याच्या दोनच महिने आधी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, गुजरातमधील मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ माणसे दगावली होती. दुरुस्तीनंतर तो नुकताच खुला केला होता. चौकशीत आढळले, की एका मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या.

पांबनचे पोलाद निदान उघड्यावर होते. संवेदक मागाहून चिकटवता आले. आज सर्रास बांधल्या जाणाऱ्या संमिश्र पुलांत पोलादी तुळई आणि काँक्रीटची लादी खुंट्यांनी एकजीव केलेली असते. तो जोड सैल होऊ लागला तरी बाहेरून पत्ता लागत नाही. म्हणून काँक्रीट ओततानाच आत प्रकाशतंतू पुरून ठेवण्याचा मार्ग निघाला. कॅनडात कॅलगरीच्या बेडिंग्टन ट्रेल पुलात १९९३ मध्येच असे संवेदक बसवले गेले. तंतूतील सूक्ष्म जाळीवरून परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ताणानुसार किंचित सरकते. अडचण अशी, की उन्हानेही ती सरकते. तापमान वेगळे मोजून वजा केले नाही, तर दुपारची उष्णता आणि मालगाडीचा भार यांत गल्लत होणारच. संवेदक पुरणे त्या मानाने सोपे. वर्षानुवर्षे आकडे वाचत बसणारी माणसे नेमणे अवघड, आणि आपले घोडे तिथेच अडते असे मला वाटते.

पांबनचा इशारा मानण्याची किंमतही होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेल्वेने जुन्या पुलावरून पुन्हा गाडी न सोडण्याचे ठरवले. ६ एप्रिल २०२५ रोजी शेजारच्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले, तोवर सव्वादोन वर्षे रामेश्वरचे यात्रेकरू अलीकडेच उतरून रस्त्याने बेटावर जात होते.