मांडी आणि मोटार

मराठी माणसाचा सर्वांत जास्त विश्वास कशावर असतो, असं कुणी विचारलं तर बँकेतल्या खाल्ल्या मिठाला जागून मी ‘मुदत ठेवीवर’ असंच उत्तर देईन. पण काउंटर बंद झाल्यावर, शटर अर्धं खाली आल्यावर खाजगीत विचाराल तर सांगेन, की त्याचा खरा विश्वास मांडीवर असतो. आपलं जावळ काढलं जातं ते मामाच्या मांडीवर, कान टोचले जातात तेही मांडीवर, औषधाचा कडू चमचा नाक दाबून पाजला जातो तो आजीच्या मांडीवर. पंगतीत जागा कमी पडली, की ‘घ्या हो त्याला मांडीवर’ असा हुकूम सुटतो. एस.टी.च्या प्रवासातली तर निम्मी काटकसर मांडीच्या आधारावर उभी आहे. पाच वर्षं पुरी झालेला मुलगा आईच्या मांडीवर बसला, की कंडक्टर जवळ येईपर्यंत साडेचार वर्षांचा होतो. घड्याळ मागं फिरवणारी ही जगातली एकमेव जागा असावी.

तेव्हा मोटारीत बाळ कुठं बसवायचं, हा प्रश्न आपल्याकडे फार वर्षं कुणाला पडलाच नाही. तो पडला अमेरिकेत आणि युरोपात. आणि गंमत अशी, की सुरुवातीला तिकडेही तो बाळाच्या काळजीपोटी पडला नव्हता.

मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहास म्हणजे गेल्या वर्षीचा ताळेबंद, एवढीच माझी त्या विषयातली पोच. पण लहान मुलांच्या कार-सीटचा इतिहास वाचू लागलो, आणि त्यात जमेच्या बाजूला पन्नास वर्षं चुकीची रक्कम मांडलेली दिसली. अशी चूक दिसली की कारकुनाला झोप लागत नाही. म्हणून हा खटाटोप.

१९३३च्या सुमारास अमेरिकेतल्या ‘बनी बेअर’ नावाच्या कंपनीनं मोटारीत ठेवायची मुलांची खुर्ची बाजारात आणली. नावात ससा आणि अस्वल दोन्ही असले तरी हेतू माकडाच्या बंदोबस्ताचा होता. पोर जरा उंचावर बसावं, एका जागी राहावं आणि गाडी चालवता चालवता आईबापांच्या नजरेखाली असावं, एवढंच. चाळीसच्या दशकात पुढच्या बाकाच्या पाठीवर आकडे लावून अडकवायच्या कॅनव्हासच्या खुर्च्या आल्या. पोराला समोरच्या काचेतून रस्ता दिसायचा. काही खुर्च्यांना खेळण्यातलं स्टिअरिंगही असे. आमच्या ब्रँच मॅनेजरांच्या अधिकारासारखंच ते होतं: हवं तसं फिरवायला पूर्ण मुभा, गाडीवर परिणाम शून्य.

गाडी कुठं आदळली तर ही खुर्ची काय करील? आकड्यांसकट, स्टिअरिंगसकट आणि पोरासकट पुढं जाईल. पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खुर्ची होती ती बाळ गप्प बसावं म्हणून. बाळ वाचावं म्हणून नव्हे.

यावर आपण हसायचं कारण नाही. आमच्या लहानपणी, म्हणजे १९८५च्या आसपास, वडिलांच्या स्कूटरवर आमचा चौघांचा अख्खा संसार मावायचा. वडिलांच्या पुढ्यात हँडलला धरून मी उभा, मागं आई, आणि आईच्या मांडीवर धाकटी बहीण. समोरून येणारा वारा आणि संध्याकाळचे किडे अडवणं, हे माझ्याकडचं खातं. मामाची फियाट कोकणात निघाली, की ‘माणसं पाच’ असा हिशेब व्हायचा. पोरं मोजण्याची पद्धत नव्हती. ती चिल्लर, कुठंही सांडायची आणि उतरताना वेचून घ्यायची.

आता थोडा हिशेब मांडतो. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर तुटला, पण आकडेमोड हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. समजा, गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली आहे आणि समोर भिंत आली. गाडीचं नाक अर्धा मीटर चेपतं आणि गाडी थांबते. आतलं बाळ दहा किलोचं. तेवढ्या अंतरात त्याला थांबवायचं तर सुमारे वीसपट जोर लागतो. म्हणजे आईच्या दोन हातांत त्या क्षणी दहा किलो नसतात, दोनशे असतात! तांदळाची दोन पोती. शिवाय क्षण म्हणजे अगदी क्षणच; ‘अगं बाई’ म्हणायलाही पुरत नाही. बरं, वेग दुप्पट केला तर धक्का दुप्पट होत नाही, त्यातली ऊर्जा चौपट होते. आमच्या कर्जाच्या व्याजाबद्दल कुरकुरणाऱ्यांनी हा दर एकदा पाहावा.

हे पटत नसेल तर दुसऱ्या शब्दांत सांगतो. ताशी ५० किलोमीटरनं आदळणं म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून पडणं. चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. त्या गॅलरीला कठडा नको, मी धरते की बाळाला घट्ट, असं कुठलीही आई म्हणणार नाही. मोटारीत मात्र म्हणते. कारण मोटारीत बसल्यावर आपण पडतो आहोत असं वाटतच नाही; आपण लग्नाला निघालोय असं वाटतं.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला गेला तो साठच्या दशकात. १९५९ साली स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतल्या नील्स बोलिन या इंजिनिअरनं तीन ठिकाणी अडकणारा पट्टा तयार केला. कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं, ही गोष्ट आमच्यासारख्या, पासबुकाच्या दुसऱ्या प्रतीचेही पैसे घेणाऱ्यांनी मान खाली घालून वाचावी. पण तो पट्टा मोठ्यांच्या मापाचा. लहान मुलाच्या तो नेमका गळ्यावर यायचा. १९६२च्या सुमारास इंग्लंडमध्ये जीन एम्स या पत्रकार बाईंनी, आणि अमेरिकेत डेन्व्हरच्या लेनर्ड रिव्हकिन यांनी, मुलाला खुर्चीत बांधून ठेवणाऱ्या, अपघाताचा विचार करून केलेल्या खुर्च्या तयार केल्या. बाळ वाचावं म्हणून खुर्ची, ही कल्पना इथून सुरू झाली.

खरी कमाल केली ती बर्टिल आल्डमन या स्वीडिश डॉक्टरनं. त्या वेळी अमेरिकेच्या जेमिनी यानांची तयारी चालू होती. त्यात अंतराळवीर उताणे झोपवलेले असत, म्हणजे उड्डाणाच्या वेळचा प्रचंड दाब एका जागी न येता सगळ्या पाठीवर पसरायचा. आल्डमनना वाटलं, की हे अंतराळवीराला चालतं तर तान्ह्या बाळाला का चालू नये? १९६४ साली त्यांच्या मागं तोंड करून बसायच्या खुर्चीच्या नमुन्याची व्होल्व्होच्या गाडीत चाचणी झाली. गाडी आदळली, की बाळ पुढं फेकलं न जाता खुर्चीच्या पाठीत रुततं, आणि डोकं, मान, पाठ एकाच वेळी सावरली जातात. तान्ह्या बाळाचं डोकं म्हणजे त्याच्या उंचीचा चौथा हिस्सा, आणि मान ही अशी, की बाळंतिणीच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला दारातच ‘मान धरा हं’ अशी ताकीद मिळते. आपल्या आज्यांना जे ठाऊक होतं, तेच या डॉक्टरांनी लोखंड आणि पट्ट्यांत बसवलं.

म्हणजे १९६४ साली उत्तर सापडलं होतं. मग प्रश्न सुटला का? छे! उत्तर सापडणं आणि ते सर्क्युलर म्हणून निघणं यांत किती वर्षं जातात, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. अमेरिकेत १९६८च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपापल्या खुर्च्या आणल्या. १९७१ साली सरकारी मानक निघालं. त्यात खुर्ची गाडीच्या पट्ट्यानं बांधलेली असावी आणि बाळ खुर्चीत बांधलेलं असावं, असं लिहिलं होतं. खुर्ची एकदा आदळून बघावी, असं मात्र लिहिलेलं नव्हतं. आदळून बघण्याची, ताशी ३० मैलांची, म्हणजे ४८ किलोमीटरची परीक्षा सक्तीची व्हायला १९८१ साल उजाडलं. तोवर सगळ्या खुर्च्या तोंडी परीक्षेवरच पास होत होत्या.

आणि आता येते ती मांडी. टेनेसी राज्यातल्या मर्फ्रीझबरो गावात रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. गोवर आला तर लस टोचता येते, पण रस्त्यावर मरणाऱ्या पोरांना कसली लस द्यायची, असा त्यांचा सवाल. उत्तर त्यांना खुर्चीत सापडलं. ते आणि त्यांची पत्नी आमदारांच्या मागं लागले. कर्ज मंजूर करून घेणारा खातेदारही इतक्या खेटा घालत नाही. अखेर १९७७ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. चार वर्षांखालच्या मुलाला गाडीत खुर्ची सक्तीची. असा कायदा करणारं टेनेसी हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. पण आमदारांनी त्याला एक शेपूट जोडलं: बाळ कुणी हातांत धरलेलं असेल, तर खुर्चीची गरज नाही.

वाचकहो, हे शेपूट वाचलं आणि मला ते आमदार एकदम आपल्या गावचे वाटले. त्यांच्या डोळ्यांपुढं दुष्टपणा नव्हता, आई होती. आईच्या हातांपेक्षा पट्टा भरवशाचा, असं मत देऊन मतदारसंघात जायचं कोणत्या तोंडानं? पण सँडर्सना ठाऊक होतं, की धडक बसली की आईही पुढं फेकली जाते, आणि तिच्या आणि गाडीच्या पुढच्या भागाच्या मध्ये जे असतं, ते बाळ. या सवलतीला नावच पडलं, ‘पोर चिरडणारी दुरुस्ती’. ती रद्द व्हायला १९८१ साल उजाडलं. १९८५पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत कायदे झाले. अमेरिकी सरकारचा हिशेब असा, की नीट बसवलेल्या खुर्चीमुळे मोटारीतल्या एका वर्षाखालच्या बाळाचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, आणि एक ते चार वर्षांच्या मुलाचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. इतका परतावा मी आजवर कुठल्याही योजनेवर पाहिलेला नाही.

‘नीट बसवलेली’ हे दोन शब्द मात्र कर्जाच्या कागदावरच्या बारीक अक्षरांसारखे आहेत. पट्टा ढिला राहिला, की खुर्ची असून नसून सारखीच. म्हणून नव्वदच्या दशकात गाडीतच कड्या ठेवून त्यांत खुर्ची खटकन अडकवायची आयसोफिक्स पद्धत आली. त्याच दशकात एअरबॅगनं नवा धडा शिकवला: मागं तोंड केलेली खुर्ची पुढच्या सीटवर ठेवली, तर मोठ्यांना वाचवणारा तोच फुगा बाळाच्या जिवावर उठतो. तेव्हा बाळाची जागा मागच्या सीटवर. मानाची नसली तरी जिवाची.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा मुलांच्या खुर्चीत बांधलेलं नसेल, तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. फेब्रुवारी २०२२मध्ये दुचाकीचाही नियम जाहीर झाला आणि वर्षभरानं लागू झाला: चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांच्या वरच्याला हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा कायदा आमच्या शाखेत मी तीन जणांना सांगितला. तिघांनीही ‘असा कायदा आहे?’ एवढंच विचारलं आणि चहा मागवला.

मध्यमवर्गाची खरी अडचण निराळीच आहे. आपल्या घरी पाळणा पणजोबांचा, दुपटी आत्याकडची आणि झबली शेजारच्या वहिनींनी दिलेली. असं असताना तीन-चार वर्षांत लहान होणारी खुर्ची विकत घ्यायची? आणि घेतलीच, तर कंपनी सांगते, की तिलाही मुदत असते, आणि एकदा मोठ्या अपघातातून गेलेली खुर्ची पुन्हा वापरायची नाही. म्हणजे वारसाहक्काचाही प्रश्न मिटला. यावर मी एवढंच म्हणेन, की आपण विम्याचा हप्ता वर्षानुवर्षं भरतो आणि पैसे परत मिळण्याची वेळ येऊ नये म्हणून नवसही बोलतो. ही त्यातलीच एक पॉलिसी आहे. फक्त हिच्यात नॉमिनीचं नाव लिहायला लागू नये, अशी व्यवस्था केलेली आहे.

माझी एक मावशी लेकीच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन न्यू जर्सीला गेली होती. इस्पितळातून निघायच्या दिवशी जावईबापू गाडीत खुर्ची घट्ट करत होते आणि मावशी दुपटं पसरून मागच्या सीटवर तयारीत.

‘‘आई, बाळाला इथं ठेवावं लागेल. कायदा आहे.’’

‘‘अहो, तीन दिवसांचा जीव तो! मी चार पोरं मांडीवर वाढवली, एक खाली पडलं नाही.’’

‘‘गाडी आपटली तर, आई?’’

‘‘तुम्ही चालवताय ना? मग कशी आपटेल?’’

जावयानं सासूशी वाद घालू नये हे त्यांना कळत होतं. त्यांनी फक्त शेजारून शंभरच्या वेगानं जाणाऱ्या गाड्यांचा रस्ता आहे, एवढं सांगितलं. मावशी थोडा वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःच पट्ट्यात बोट घालून तो ढिला नाही ना ते पाहिलं, आणि बाळाच्या पायांवर दुपटं वरून पांघरलं.

घर पाऊण तासावर होतं. तेवढा वेळ ती शेजारी बसून बाळाच्या मुठीत आपली करंगळी देऊन राहिली. गाडी दारात थांबली, जावईबापूंनी खटका काढला, तेव्हा मावशी आधीच खाली उतरून हात पसरून उभी होती.

‘‘द्या आता इकडं,’’ ती म्हणाली.