मळलेल्या वाटेवरचा एकटा

सायकलवरून एकट्याने वाळवंट ओलांडणाऱ्या माणसाने मळलेली वाट सोडली, असे आपण सहज म्हणून जातो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींचा मुलूख मात्र नेमके उलट सांगतो. त्या रखरखाटात सायकल आली ती टपाल आणि निरोप पोचवायला. साहस मागाहून आले, आणि तेही पोटासाठी राबणाऱ्या माणसांनी व जनावरांनी मळून ठेवलेल्या वाटांवरून. एकट्याच्या धाडसाचा इतिहास लिहायचा तर तो या राबणाऱ्यांपासून सुरू करायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

१८९२ मध्ये कूलगार्डीला आणि पुढच्याच वर्षी कालगुर्लीला सोने सापडले आणि जिथे बारमाही नदी नाही अशा प्रदेशात हजारो माणसे येऊन पडली. खाऱ्या तळ्यांचे पाणी उकळायचे, वाफ थंड करून गोडे पाणी मिळवायचे आणि ते मापाने विकायचे, हा तिथला एक मोठा धंदाच झाला. पर्थजवळच्या धरणातले पाणी नळाने तिथवर पोचायला १९०३ साल उजाडले. अशा जागी घोडा परवडत नाही, हीच या कहाणीतली कळीची गोष्ट आहे. घोडा धावो की उभा राहो, त्याला रोज बादल्यांनी पाणी आणि पोटभर दाणावैरण लागते. सायकलला चार थेंब तेल पुरते. सारख्या उंचीच्या दोन चाकांची, चेनने चालणारी सायकल १८८५ च्या सुमारास बाजारात आली होती, १८८८ मध्ये डनलॉपचा हवा भरलेला टायर आला होता. म्हणजे सोने सापडले तेव्हा हे वाहन तयारच होते. खाणीखाणींवर, जिथे तार पोचली नव्हती अशा तळांवर, पत्रे आणि निरोप नेणारे सायकलस्वार जासूद दिसू लागले. त्यांच्या खासगी टपालसेवा निघाल्या, काहींनी तर स्वतःची तिकिटेही छापली. नव्या जागी सोने लागल्याची बातमी आधी कोणाच्या हाती पडते यावर पैशांची मोठी उलाढाल ठरत असे, म्हणून या जासुदाच्या वेगाला मोल होते. पाठीशी सोबत नाही, वाटेत वस्ती नाही, पाणी मोजके: आज ज्याला आपण एकल सायकलप्रवास म्हणतो त्याच्या सगळ्या अटी या नोकरीत होत्या.

आता वाटेचे पाहू. बैलगाडी आणि घोडागाडी मऊ जमिनीत खोल चाकोऱ्या पाडतात, खूर माती उकरतात. उंटाचा तळवा रुंद, मऊ. तो माती दाबून बसवतो. एकामागून एक चालणाऱ्या तांड्यांनी झुडपांमधून अरुंद, सपाट पट्टे तयार केले आणि सायकलला तेच हवे होते. हे उंट आणि त्यांचे हाकारे मोठ्या संख्येने कराचीहून जहाजाने गेले होते. १८६६ साली शंभराहून अधिक उंटांचा कळप तिथूनच दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. या माणसांना तिथे सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबीही होते. सायकलस्वारांच्या विक्रमांच्या कथांत त्यांना क्वचितच जागा मिळते, याची मला खंत वाटते. आणि त्यांच्याही आधीचे, मूळ रहिवाशांचे ज्ञान होते. खडकातल्या खोलगट खळग्यांत पावसाचे पाणी साठते. ते आटू नये, जनावरांनी नासवू नये म्हणून तोंडावर दगड किंवा फांद्या ठेवून जपलेले ते पाणवठे होते. नकाशावर रिकामा दिसणारा तो मुलूख कोणाच्या तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या राबत्यातला होता.

यावर एक सरळ आक्षेप येईल. आर्थर रिचर्डसन १८९६ च्या नोव्हेंबरात कूलगार्डीहून निघाला आणि नलारबोरचे झाडाविना पसरलेले मैदान ओलांडून ३१ दिवसांत अ‍ॅडलेडला पोचला. त्याला कोणी टपाल दिले नव्हते. जेरोम म्यूरिफने १८९७ मध्ये अ‍ॅडलेड ते डार्विन असा खंडाचा दक्षिणोत्तर छेद घेतला, तोही स्वतःच्या हौसेने. मग पोटाचा प्रश्न आला कुठे? आक्षेप खरा आहे, पण वाट बघा. रिचर्डसन १८७७ मध्ये पुऱ्या झालेल्या तारेच्या खांबांचा माग धरून गेला, म्यूरिफ १८७२ च्या तारेचा. त्या तारेवर दूरदूर अंतराने तारघरे होती, तिथे पाणी होते आणि माणसे होती. काळही बोलका आहे. १८९६ च्या मार्चमध्ये रेल्वे कूलगार्डीला पोचली, सप्टेंबरात कालगुर्लीला; मुख्य मार्गांवरची जासुदाची गरज ओसरू लागली, आणि नोव्हेंबरात रिचर्डसन निघाला. एवढ्यावरून एकामुळे दुसरे झाले असे सिद्ध होत नाही. पण सायकल किती पाण्यावर, कसल्या जमिनीवर, किती दिवस टिकते, हे रिचर्डसनला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ज्या गावातून तो निघाला ते गाव रोज त्याचा अनुभव घेत होते. टॉमस स्टीव्हन्सचे उदाहरणही याच बाजूचे. १८८४ ते १८८६ या काळात त्याने उंच चाकाच्या सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, पण अमेरिकेत जागोजागी रेल्वेमार्गाच्या कडेने, आणि पुढे एका मासिकाचा बातमीदार म्हणून.

माझे म्हणणे सर्वात लंगडे पडते ते रिचर्डसनच्या दुसऱ्या प्रवासापुढे. ५ जून १८९९ रोजी तो पर्थहून निघाला आणि ४ फेब्रुवारी १९०० रोजी ऑस्ट्रेलियाला पुरा वळसा घालून परतला. सायकलवरून असा वळसा घालणारा तो पहिला. उत्तरेकडच्या वाळूत आणि चिखलात उंटांच्या वाटा त्याच्या कामी आल्या नाहीत, तिथे सायकल ढकलतच न्यावी लागली. तिथले धाडस त्याचे एकट्याचे होते आणि ते कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. पण तिथेही मुक्काम गाठायचा तो गुराख्यांच्या तळांचा, आणि एका तळापासून पुढच्या तळापर्यंतची वाट गुरे हाकणाऱ्यांनीच पाडलेली.