पुनर्विक्रीचा बंगला घेताना : रत्नागिरीत काय तपासावे?

रत्नागिरी शहरालगतच्या नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव, खेडशी या गावांत गेल्या काही दशकांत निवासी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतील काही वसाहती कुंपण, सामाईक प्रवेशद्वार, अंतर्गत रस्ते व राखणदार अशा सोयींनी युक्त आहेत. मूळ मालक वृद्ध होतात, मुले मुंबई-पुण्यात किंवा परदेशात स्थिरावतात आणि कुटुंबाचा बंगला विक्रीस निघतो. घर तयार असते, आंबा-नारळाची झाडे वाढलेली असतात, शेजारही वसलेला असतो. त्यामुळे निवृत्तीनंतर गावाकडे परतू पाहणाऱ्यांना अशा बंगल्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि आयुष्यभराची बचत गुंतविण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते : जमीन, तीवरील बांधकाम आणि वसाहतीतील सामाईक हक्क. त्याआधी मात्र एका प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे. विकणाऱ्यास विकण्याचा पूर्ण अधिकार आहे काय?

विक्रेता एक, वारस अनेक

वडिलांच्या नावे असलेला बंगला त्यांच्या पश्चात एकच मुलगा विकू पाहतो, हा प्रकार नेहमीचा आहे. मुलगा तेथे राहतो, घरपट्टी भरतो, वीजबिलही त्याच्याच नावे येते. परंतु यांपैकी कशानेही मालकी सिद्ध होत नाही. सातबारावरील वारसनोंद महसुली कामासाठी असते. तिच्यातून एखाद्या बहिणीचे नाव राहून गेले म्हणून तिचा हिस्सा संपत नाही. वडिलांनी मृत्युपत्र न करता स्वकष्टार्जित मिळकत मागे ठेवली असल्यास हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार पत्नी, मुलगे, मुली व हयात असल्यास आई या सर्वांना हक्क मिळतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. मुस्लिम कुटुंबात हिस्से त्यांच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे ठरतात.

म्हणून सर्व वारसांनी खरेदीखतावर सही करणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. कोणी हक्क सोडला असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे; साध्या कागदावरील संमती पुरेशी नाही. अज्ञान वारसाचा स्वतंत्र हिस्सा विकण्यास न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. परदेशस्थ वारसाने पाठविलेले कुलमुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते. केवळ मुखत्यारपत्र व साठेकरार यांवर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. जाहीर नोटीस रत्नागिरीच्या आवृत्तीबरोबरच मुंबईच्या आवृत्तीतही द्यावी, कारण वारस बहुधा तेथेच असतात.

जमिनीचे कागद

सातबारा किंवा नगर भूमापन क्षेत्रात मिळकत पत्रिका आणि किमान ३० वर्षांचे फेरफार वकिलाकडून तपासून घ्यावेत. रत्नागिरी हा खोतीचा मुलूख. खोती १९४९ च्या कायद्याने संपुष्टात आली, तरी जुन्या हक्कांच्या आणि कुळांच्या नोंदी आजही ‘इतर हक्क’ या रकान्यात आढळतात. कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असल्यास पूर्वीची विक्री नियमानुसार झाली होती की नाही, हे पाहावे. जमीन बिनशेती झाल्याचा पुरावा आणि मंजूर अभिन्यास मागावा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घराच्या कर आकारणीचा उतारा असून महसूल खात्याचा ८-अ हा जमिनीच्या खात्याचा उतारा आहे. या दोहोंची गल्लत करू नये. मालकीचा अंतिम पुरावा यांपैकी एकही नाही.

बंगला समुद्र किंवा खाडीजवळ असल्यास किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा पाहणे अगत्याचे आहे. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या जमिनीस ही बंधने लागू होतात; खाडीकाठी हे अंतर कमी असते. पहिली अधिसूचना १९९१ ची, त्यानंतरच्या २०११ व २०१९ च्या. जुने घर जसेच्या तसे राहू शकले, तरी ते पाडून मोठे बांधता येईलच असे नाही.

बांधकाम आणि पाणी

मंजूर नकाशा व भोगवटा दाखला प्रत्यक्ष बांधकामाशी ताडून पाहावा. मागाहून वाढविलेली खोली किंवा गच्चीवरील शेड परवानगीविना असेल, तर तिची जबाबदारी खरेदीदारावर येते. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात घर एकदा जुलैमध्ये पाहावे. ताजा रंग गळती झाकतो, पाऊस ती उघड करतो. खाऱ्या हवेने स्लॅबमधील लोखंड गंजते. छताचे पोपडे हे त्याचे लक्षण होय. दुसरी भेट मे महिन्यात द्यावी. जांभ्याच्या सड्यावर पावसाचे पाणी झिरपून लवकर निघून जाते आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात. त्या महिन्यात वसाहतीला टँकर लागतो का, हे शेजाऱ्यांना विचारावे.

वसाहतीचे हक्क

अंतर्गत रस्ते, मोकळी जागा, विहीर व पंप कोणाच्या नावे आहेत? सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदलेली असल्यास भागपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि जमिनीचे अभिहस्तांतरण पाहावे. अनेक ठिकाणी सामाईक जमीन विकासकाच्याच नावे राहिलेली असते. २००८ पासून संस्थेला मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला आहे. २००१ च्या शासकीय परिपत्रकानुसार महापालिका क्षेत्रातही हस्तांतरण अधिमूल्य २५ हजार रुपयांपेक्षा अधिक घेता येत नाही. नगरपालिका व ग्रामपंचायत क्षेत्रांत मर्यादा त्याहून कमी आहे. दोन व्यक्तींमधील पुनर्विक्रीला महारेराची स्वतंत्र नोंदणी लागत नाही, म्हणून ही तपासणी खरेदीदारालाच करावी लागते.

व्यवहार पूर्ण करताना

मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासकीय दरतक्त्यातील मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३० हजार रुपये आहे. किंमत ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास खरेदीदाराने १ टक्का आयकर कापून भरावयाचा असतो. विक्रेता अनिवासी असल्यास हा नियम लागू होत नाही आणि कपात बरीच अधिक असते. ती न केल्यास दायित्व खरेदीदारावर येते. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करावा. मूळ कागदपत्रे बँकेकडे तारण नाहीत याची खात्री झाल्याविना मोठी विसार रक्कम देऊ नये. खरेदीखतानंतर फेरफार, घरपट्टी, वीजजोडणी व संस्थेचे भागपत्र आपल्या नावे होईपर्यंत पाठपुरावा करावा.

हे सर्व करण्यास दोन-तीन महिने लागतात. विक्रेत्यास घाई असेल, तर त्या घाईचे कारण प्रथम शोधावे.