हिरवळीची हजामत

हिरवळ कापण्याचे यंत्र कापडाच्या गिरणीतून आले, ही गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून इंग्लंडातल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने 1830 साली त्याच धर्तीवर हे यंत्र घडवले. तोवर हे काम लांब दांड्याच्या विळ्याकडे आणि मेंढरांकडे असे. माझे मत मेंढरांना. ती कापतात आणि खतही घालतात! 1918 मध्ये, ऐन महायुद्धात, अध्यक्ष विल्सन यांच्या व्हाइट हाउसपुढे मेंढ्या चरत. त्यांची लोकर लिलावात विकून पैसा रेडक्रॉसला दिला.

खरा घात पुढे झाला. पूर्वी अमेरिकेत हिरवळीच्या बियाण्यात क्लोव्हर मिसळीत. त्याच्या मुळांवरच्या गाठी, आपल्या तुरी-हरभऱ्यासारख्याच, जमिनीला नत्र पुरवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘टू-फोर-डी’ हे तणनाशक आले. ते गवत राखते, रुंद पानांची झाडे मारते. बिचारे क्लोव्हर तणात जमा झाले आणि ते फुकट देई ते नत्र पोत्याने विकत आणणे आले. आता तिकडे कित्येकजण क्लोव्हर पुन्हा पेरतात, कापलेले गवत जागीच कुजू देतात.

आमच्या शाळेपुढच्या हरळीवर असलेच औषध फवारावे, अशी सूचना आली आहे. गणपतीच्या दूर्वा मुले तिथूनच खुडतात. मी विरोधात हात वर करणार आहे.