स्वयंपाकघर मागून पुढे

आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांपूर्वी बुकिंग सुरू झाले, तेव्हा सर्वांत शेवटी गेले ते दारातून शिरताच स्वयंपाकघर असलेले फ्लॅट. त्यातलाच एक आमचा. लोक का नको म्हणत होते, याला जुना इतिहास आहे.

वाड्यात स्वयंपाकघर मागे, परसाच्या बाजूला. चुलीचा धूर घरभर नको आणि सोवळ्यात बाहेरच्याचा स्पर्श नको, ही दोन कारणे. मुंबईत बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत मागे-पुढे काही उरलेच नाही. शेगडी, मोरी, अंथरूण सगळे एकातच. पुढे घरोघरी गॅस आला (इंडेन १९६५ सालचा), धूर गेला, ओटा आला, बायका उभ्याने स्वयंपाक करू लागल्या. मागे राहण्याचे कारण संपले, सवय मात्र राहिली.

बँकेत गृहकर्जाचे काम करताना पाहिले, पुरुष कार्पेट एरिया विचारत, बायका थेट ओट्यापाशी जात. खिडकी आहे का, फ्रिज कुठे मावेल, ड्राय बाल्कनी आहे का? पुढे पुढे ‘आग्नेयेलाच हवे’ हेही वाढले.

आमचा फ्लॅट आईने पसंत केला. वाड्यात ती चाळीस वर्षे चुलीपुढे खोकत बसली; ओसरीवर किती माणसे आलीत, ते चहाच्या कपांवरून कळायचे. इथे बेल वाजली की ओट्यापासूनच विचारायची, “कोण आलंय?” मजल्यावरच्या सगळ्यांची नावे मला तिच्याकडूनच कळली.