समतल पृष्ठनिर्मिती
समतल पृष्ठनिर्मिती : अचूक यंत्रणासाठी प्रमाणभूत सपाट पृष्ठे तयार करण्याची प्रक्रिया. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बिडाचे पट्ट एमरीची पूड घालून एकमेकांवर घाशीत. पूड सर्वत्र सारखी पसरत नसल्याने धातू कोठे किती झिजतो, यावर कारागिराचे नियंत्रण राहत नसे. शिवाय एक पट्ट बहिर्गोल व दुसरा तितकाच अंतर्गोल असला, तरी दोन्ही तंतोतंत जुळत आणि दोष लपून राही. ब्रिटिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–८७) यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे वाचलेल्या निबंधात घासण्याऐवजी खरवडण्याचा पुरस्कार केला. या पद्धतीत एका पट्टास तेलात कालवलेला गेरू लावून त्यावर दुसरा टेकवितात व रंग लागलेले उंचवटे तेवढे खरवडतात. तीन पट्ट आलटून पालटून, निरनिराळ्या दिशांनी फिरवून जुळविले जातात. त्यांना बाक असल्यास निदान दोहोंचा बाक एकाच प्रकारचा असणार व ते दोन परस्परांशी जुळणार नाहीत. म्हणून प्रत्येक जोडी जुळली की तिन्ही पृष्ठे सपाट ठरतात. अशा रीतीने आधीचा प्रमाणभूत नमुना नसतानाही सपाटपणा सिद्ध करता आला. समतल पृष्ठांच्या आधारेच व्हिटवर्थ यांनी पुढे इंचाच्या दशलक्षांशाएवढा फरक दाखविणारे मापनयंत्र तयार केले.